आभासी यंत्रांचा आरंभ आणि साठवण-ड्रायव्हरचा प्रश्न : लिनक्सच्या आरंभप्रतिमेचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

संगणकाचा इतिहास लिहिताना प्रोसेसरची वाढती गती, संगणकीय भाषांचे वंशवृक्ष आणि कंपन्यांचे उदयास्त यांना मोठी जागा मिळते. यंत्राची कळ दाबल्यापासून ते कामास सिद्ध होईपर्यंत जे काही सेकंद जातात, त्यांचा इतिहास मात्र क्वचितच लिहिला जातो. संचालन प्रणाली कोणत्या यंत्रावर आपला संसार मांडू शकते आणि कोणत्या यंत्रावर दारातच अडते, याचा निर्णय वस्तुतः याच सेकंदांत होत असतो. लिनक्स या संचालन प्रणालीत हा निर्णय ज्या एका लहानशा फाइलवर अवलंबून असतो, तिला ‘इनिशियल रॅम डिस्क’ किंवा पुढील काळात ‘इनिट्रॅमएफएस’ असे नाव आहे. प्रस्तुत निबंधात तिला ‘आरंभप्रतिमा’ असे म्हटले आहे. या आरंभप्रतिमेत साठवण-साधनांचे ड्रायव्हर समाविष्ट करण्याची प्रथा कशी पडली, आणि आभासी यंत्रांच्या प्रसारानंतर हाच मुद्दा पुनःपुन्हा का उद्भवला, याचा मागोवा येथे घेतला आहे.

प्रश्नाचे स्वरूप एका सर्वपरिचित प्रसंगावरून स्पष्ट होईल. एखाद्या संस्थेतील जुना सर्व्हर निकामी होण्याच्या बेतात आहे. त्याच्या डिस्कची तंतोतंत प्रत काढून ती एका आभासी यंत्राला जोडली जाते. यंत्र सुरू होते, आरंभाची यादी पडद्यावर येते, कर्नल स्मृतीत उतरतो, नेहमीच्या ओळी सरकू लागतात आणि मध्येच सारे थांबते. मूळ फाइल व्यवस्था सापडत नाही, असा संदेश येतो. नवख्या व्यवस्थापकाला प्रथम वाटते ते हेच की प्रत सदोष निघाली आणि विदा नष्ट झाली. पुष्कळदा अशा वेळी सर्व काही नव्याने उभारण्याचा खटाटोप केला जातो. प्रत्यक्षात डिस्कवरील एक अक्षरही हललेले नसते. नव्या आभासी डिस्कशी बोलण्यासाठी लागणारा ड्रायव्हरही त्याच डिस्कवर, आपल्या नेहमीच्या निर्देशिकेत, शाबूत असतो. तिजोरीची किल्ली तिजोरीतच राहिली, एवढाच काय तो घोटाळा.

एक डिस्क, दोन वाचक

हा घोटाळा समजण्यासाठी एक तांत्रिक भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. व्यक्तिगत संगणकात आरंभी डिस्क वाचली जाते ती बायॉसच्या साहाय्याने. बायॉस डिस्कचा ५१२ बाइटचा पहिला विभाग स्मृतीत आणतो. त्यातील आरंभक आज्ञावली, म्हणजे पूर्वीची लिलो किंवा नंतरची ग्रब, बायॉसच्याच सेवा वापरून कर्नल व आरंभप्रतिमा या दोन फाइली स्मृतीत आणून ठेवते. डिस्क कोणत्या नियंत्रकाला जोडली आहे याची चिंता आरंभक आज्ञावलीला करावी लागत नाही. ती बायॉसने वाहिलेली असते. पण कर्नलने एकदा सूत्रे हाती घेतली की तो बायॉसकडे डिस्कसाठी पुन्हा वळत नाही. त्याला स्वतःचा ड्रायव्हर लागतो. म्हणजेच एकाच डिस्कचे एकामागून एक असे दोन वाचक असतात आणि पहिल्याला जे वाचता आले ते दुसऱ्याला वाचता येईलच असे नाही. ‘कर्नल तर डिस्कवरूनच आला, मग डिस्क दिसत नाही हे कसे?’ या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर या भेदात आहे.

बायॉसच्या जागी यूईएफआय आले तरी या भेदात मूलतः फरक पडलेला नाही.

सर्वसमावेशक कर्नलची मर्यादा

लिनस टोरवाल्ड्स यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकीहून आपल्या छंदप्रकल्पाची वार्ता दिली, तेव्हा एटी प्रकारच्या हार्ड डिस्कखेरीज अन्य कशाला त्यात आधार मिळण्याचा संभव नाही, असे त्यांनी नमूद केले होते. कारण त्यांच्याजवळ तेवढेच यंत्र होते. ड्रायव्हर कर्नलच्या पोटातच होता आणि तो एकच होता. आरंभप्रतिमेची गरजच नव्हती. भाकिते खोटी ठरण्याच्या इतिहासात या भाकिताला मानाचे स्थान द्यावे लागेल, कारण पुढील चार-पाच वर्षांतच लिनक्समध्ये नाना प्रकारच्या स्कझी नियंत्रकांचे ड्रायव्हर जमा झाले.

त्यातून अडचण उभी राहिली. अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी १९९२ च्या प्रारंभी टोरवाल्ड्स यांच्याशी झालेल्या सुप्रसिद्ध वादात एकसंध कर्नलच्या रचनेवर आक्षेप घेतला होता. तो वाद तत्त्वाचा होता. प्रत्यक्ष वितरणे तयार करणाऱ्यांना भेडसावणारी बाब अधिक साधी होती : सर्व ड्रायव्हर पोटात घेतलेला कर्नल १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीवर मावत नसे. शिवाय त्या काळातील आयएसए पद्धतीच्या यंत्रांत ड्रायव्हरला आपले साधन शोधण्यासाठी निरनिराळ्या पत्त्यांवर चाचपणी करावी लागे, आणि एका ड्रायव्हरच्या चाचपणीने दुसरेच साधन गोंधळून यंत्र गोठून जाई. म्हणून १९९३ साली सुरू झालेल्या स्लॅकवेअर या वितरणाने वेगवेगळ्या नियंत्रकांसाठी वेगवेगळ्या आरंभ-फ्लॉपी देण्याची रीत अवलंबिली. आपल्या यंत्रात कोणते कार्ड आहे हे पाहून त्याची फ्लॉपी निवडण्याचे काम वापरकर्त्याचे होते. ज्याला आपल्या यंत्राचे अंतरंग ठाऊक नाही त्याने लिनक्सच्या वाटेस जाऊ नये, असाच या व्यवस्थेचा अर्थ होता.

कर्नल चालू असताना ड्रायव्हर आत घेण्याची सोय, म्हणजे मॉड्यूल पद्धती, १९९५ च्या १.२ आवृत्तीच्या सुमारास रुळू लागली. कर्नल लहान ठेवावा आणि लागेल तो ड्रायव्हर डिस्कवरून उचलावा, हा विचार आकर्षक होता. ध्वनिकार्ड, नेटवर्क कार्ड यांच्या बाबतीत तो यशस्वीही झाला. डिस्कच्या ड्रायव्हरबाबत मात्र तो स्वतःच्याच पायात अडखळला, कारण डिस्क वाचण्याचा ड्रायव्हर डिस्कवरून वाचणे शक्य नव्हते.

यावरील तोडगा वर्नर आल्मेसबर्गर आणि हान्स लेर्मेन यांनी १९९६ मध्ये दिला. आल्मेसबर्गर हेच लिलो या आरंभक आज्ञावलीचे कर्ते असल्याने दोन वाचकांमधील भेद त्यांच्याइतका कोणास ठाऊक असणार? आरंभक आज्ञावलीने बायॉसच्या साहाय्याने कर्नलबरोबरच एक छोटी फाइल व्यवस्था स्मृतीत आणावी. कर्नलने तिलाच तात्पुरती मूळ फाइल व्यवस्था मानावे. तिच्यातील एका ठरावीक आज्ञावलीने आवश्यक ते ड्रायव्हर आत घ्यावेत. आणि मग खऱ्या डिस्ककडे स्थलांतर करून ही तात्पुरती व्यवस्था मोडून टाकावी, अशी ही द्विस्तरीय योजना होती. पहिल्या वाचकाच्या हाती असलेला अधिकार दुसऱ्याच्या शिक्षणासाठी वापरण्याची ही युक्ती होती. १९९६ च्या मध्यास प्रसिद्ध झालेल्या २.० आवृत्तीत ती उपलब्ध झाली आणि एकच कर्नल सर्व प्रकारच्या यंत्रांवर पाठविणे वितरणांना शक्य झाले. लिनक्सच्या प्रसाराची कारणे सांगताना परवाना, इंटरनेट आणि समुदाय यांचा उल्लेख होतो, पण या योजनेचा होत नाही. तिच्यावाचून लिनक्स तज्ज्ञांच्या वर्तुळाबाहेर इतक्या सहज पडला असता, असे म्हणणे कठीण आहे.

प्रतिमा घडविणारी साधने

आरंभप्रतिमा कर्नलचा भाग नाही. ती प्रत्येक यंत्रावर, बहुधा नवा कर्नल बसविताना, घडविली जाते. त्यामुळे तिच्यात काय असावे हे ठरविणारी आज्ञावली फार महत्त्वाची ठरते. रेड हॅटच्या वितरणांत हे काम ‘एमकेइनिटआरडी’ करीत असे. मॉड्यूलांच्या संरचना-फाइलीत ‘स्कझी होस्ट-अडॅप्टर’ या नावापुढे जे ड्रायव्हर नोंदविलेले असतील ते उचलून ती प्रतिमेत घाली. यंत्राच्या स्थापनेच्या वेळी जे कार्ड सापडले त्याचीच ही नोंद असे. म्हणजे आरंभप्रतिमा ही त्या यंत्राच्या जन्मवेळेची जणू पत्रिका होती, आणि पुढे घर बदलले तरी पत्रिका तीच राहत असे.

२.६ या मालिकेत, जिची पहिली आवृत्ती डिसेंबर २००३ मध्ये आली, आरंभप्रतिमेचे तांत्रिक स्वरूप पालटले. आभासी डिस्कच्या जागी संकुचित केलेला ‘सीपीआयओ’ संग्रह आला. तो थेट स्मृतीतील फाइल व्यवस्थेत उलगडला जाऊ लागला. अल विरो आणि एच. पीटर ॲन्विन यांचा या कामात मोठा वाटा होता. डेबियन व उबुंटू यांनी ‘इनिट्रॅमएफएस-टूल्स’ हा संच स्वीकारला, तर जेरेमी कॅट्झ यांनी डिसेंबर २००८ मध्ये मांडलेल्या ‘ड्रॅकट’ या साधनाने नोव्हेंबर २००९ च्या फेडोरा १२ मध्ये जुन्या एमकेइनिटआरडीची जागा घेतली. मॅसॅच्युसेट्समधील एका गावावरून हे नाव आले आहे. त्या परिसरातील गावांची नावे आज्ञावल्यांना देण्याची तेथील अभियंत्यांची हौस प्रसिद्धच आहे. यूडेव्हच्या आधारे, समोर दिसणाऱ्या साधनाच्या ओळख-क्रमांकावरून ड्रायव्हर आपोआप निवडण्याची रीत ड्रॅकटने आरंभप्रतिमेत पायाभूत मानली. अर्थात निवड करायची ती प्रतिमेत असलेल्यांतूनच. जो ड्रायव्हर प्रतिमेत घातलाच नाही, तो कितीही अचूक ओळख पटली तरी हाती लागणार नाही.

आभासी यंत्रांचा प्रवेश

आभासी यंत्राची कल्पना लिनक्सहून कितीतरी जुनी आहे. आयबीएमने १९७२ साली व्हीएम/३७० जाहीर केले, तेव्हा टोरवाल्ड्स दोन वर्षांचे होते. डिसेंबर १९९९ मध्ये आयबीएमने आपल्या महासंगणकांसाठी लिनक्सचे बदल प्रसिद्ध केले आणि झेड/व्हीएमच्या छत्राखाली लिनक्सची अतिथी यंत्रे नांदू लागली. तेथेही ‘डॅस्ड’ या डिस्कचा ड्रायव्हर आणि डिस्कचे क्रमांक आरंभप्रतिमेत नोंदवावे लागत. मूळ फाइल व्यवस्थेसाठी नवी डिस्क जोडली की प्रतिमा पुन्हा घडविणे आणि आरंभक्षेत्र पुन्हा लिहिणे ओघाने आलेच.

सामान्य यंत्रांवर हा विषय आणला तो व्हीएमवेअरने. १९९८ साली स्थापन झालेल्या या कंपनीची ‘वर्कस्टेशन’ ही आज्ञावली मे १९९९ मध्ये आली, आणि सर्व्हरसाठीची ‘ईएसएक्स’ २००१ मध्ये. अस्तित्वात असलेल्या यंत्राचे हुबेहूब सोंग घेणे हे येथील धोरण होते. आभासी यंत्राला दिसणारी डिस्क साध्या आयडीई नियंत्रकावर किंवा बसलॉजिक कंपनीच्या स्कझी कार्डावर असल्याचे भासविले जाई. पुढे एलएसआय लॉजिकच्या कार्डाचे सोंग आले. या खऱ्या कार्डांचे ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासूनच असल्याने नवे काही लिहावे लागले नाही.

येथे एक लक्षणीय गोष्ट घडली. बसलॉजिक कार्डाचा लिनक्स ड्रायव्हर लिओनार्ड झुबकॉफ यांनी १९९० च्या दशकात लिहिला. ते २००२ मध्ये निवर्तले. खरी कार्डेही बाजारातून नाहीशी झाली. ड्रायव्हर मात्र टिकला, कारण ज्या कार्डाशी तो बोलत होता ते आता केवळ आज्ञावलीत जिवंत होते. क्यूएमू या अनुकारकातही हेच दिसते : फॅब्रिस बेलार यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या या आज्ञावलीतील पारंपरिक यंत्र आजही १९९६ च्या इंटेल ४४०एफएक्स संचाचे सोंग घेते. वस्तुसंग्रहालयात जमा झालेले हार्डवेअर आभासी यंत्रांच्या पोटात असे अमर झाले आहे.

सोंग हुबेहूब असले तरी आरंभप्रतिमेचा प्रश्न त्यामुळे सुटला नाही. वर्कस्टेशनवर आयडीई डिस्कसह घडविलेले यंत्र ईएसएक्सवर नेले, तर ईएसएक्सच्या आरंभीच्या आवृत्त्यांत डिस्क स्कझी नियंत्रकावरच जोडावी लागे, आणि अतिथी यंत्राच्या आरंभप्रतिमेत तो ड्रायव्हर नसे. बसलॉजिककडून एलएसआयकडे जातानाही हीच गत. दोन्ही उत्पादने एकाच कंपनीची आणि डिस्कची फाइलही तीच, तरी यंत्र उठत नसे. आभासीकरणामुळे संचालन प्रणाली हार्डवेअरपासून मुक्त होते, हे तत्कालीन प्रचारातील आवडते विधान होते. ते अर्धसत्य होते. संचालन प्रणाली खऱ्या हार्डवेअरपासून मुक्त झाली आणि खोट्या हार्डवेअरला बांधली गेली.

सोंग टाकून देण्याचे पर्व

हुबेहूब सोंग घेणे महाग पडते. अतिथी यंत्राने आभासी कार्डाच्या प्रत्येक रजिस्टरला स्पर्श केला की हायपरवायझरला मध्ये पडावे लागते. केंब्रिज विद्यापीठातील ‘झेन’ प्रकल्पाने, ज्याविषयीचा बहुचर्चित शोधनिबंध २००३ साली प्रसिद्ध झाला, ही लपवाछपवीच सोडून दिली. आपण आभासी आहोत हे अतिथी यंत्राला ठाऊक असावे आणि त्याने हायपरवायझरशी सरळ व्यवहार करावा, ही त्यामागील भूमिका होती. त्यानुसार ड्रायव्हरचे दोन अर्ध झाले : एक यजमानाकडे, एक अतिथीकडे. अतिथीकडील अर्धा भाग २००७ च्या २.६.२३ आवृत्तीत मुख्य कर्नलमध्ये आला.

झेनच्या अर्ध-आभासी यंत्रांत आणखी एक गुंतागुंत होती. त्यांत बायॉस नसल्याने पहिला वाचकच नव्हता. कर्नल आणि आरंभप्रतिमा या फाइली यजमानाच्या डिस्कवरून दिल्या जात. व्यवस्थापकाने यजमानावरच एमकेइनिटआरडी चालविली तर ती निमूटपणे यजमानाच्या खऱ्या कार्डाचे ड्रायव्हर प्रतिमेत भरी. त्यामुळे स्कझी मॉड्यूल वगळून झेनचा डिस्क-ड्रायव्हर मुद्दाम आधी घालण्याची सूचना द्यावी लागे. ॲमेझॉनने ऑगस्ट २००६ मध्ये सुरू केलेली ‘ईसी२’ सेवा झेनवरच उभी होती. तिथेही प्रारंभी कर्नल व आरंभप्रतिमा या यंत्राच्या प्रतिमेपासून वेगळ्या ठेवलेल्या होत्या आणि मान्यताप्राप्त संचांतूनच त्या निवडाव्या लागत. स्वतःचा कर्नल वापरण्याची मोकळीक २०१० साली ‘पीव्ही-ग्रब’मुळे मिळाली.

अवि किविटी यांनी क्युमरानेट या कंपनीत घडविलेले केव्हीएम फेब्रुवारी २००७ मध्ये २.६.२० आवृत्तीत दाखल झाले. झेन, केव्हीएम आणि अन्य हायपरवायझरांचे ड्रायव्हर वेगवेगळे वाढत जाणार हे ओळखून आयबीएममधील ऑस्ट्रेलियन प्रोग्रामर रस्टी रसेल यांनी ‘व्हर्टआयओ’ ही सामायिक पद्धत मांडली. जानेवारी २००८ च्या २.६.२४ आवृत्तीत तिचा डिस्क-ड्रायव्हर आला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या निबंधात रसेल यांनी तिला व्यवहारसिद्ध प्रमाण बनविण्याची आकांक्षा व्यक्त केली आणि २०१६ मध्ये ‘ओएसिस’ या संस्थेने तिला औपचारिक प्रमाणाचा दर्जा दिला. एकीकरणाची ही आकांक्षा केव्हीएमच्या क्षेत्रात बव्हंशी सफल झाली. त्या क्षेत्राबाहेर मात्र प्रत्येकाने आपली चूल वेगळीच मांडली. व्हीएमवेअरने २००९ मध्ये ‘पीव्हीस्कझी’ आणले आणि त्याचा ड्रायव्हर २०१० च्या २.६.३३ आवृत्तीत आला. मायक्रोसॉफ्टने जुलै २००९ मध्ये हायपर-व्हीसाठीच्या ड्रायव्हरांच्या सुमारे २०,००० ओळी जीपीएल परवान्याखाली दिल्या. लिनक्सला दीर्घकाळ प्रतिस्पर्धी मानणाऱ्या कंपनीची ही कृती त्या वेळी मोठ्या नवलाची ठरली होती.

अशा रीतीने २०१० पर्यंत चित्र असे झाले की लिनक्सचे एकच वितरण, एकच कर्नल आणि एकच डिस्क-प्रतिमा असली तरी तिला झेनवर एक, केव्हीएमवर दुसरा, व्हीएमवेअरवर तिसरा आणि हायपर-व्हीवर चौथा ड्रायव्हर लागे. त्यात व्हर्टआयओचा कारभार एका मॉड्यूलावर भागत नाही. पीसीआय मार्गावर साधन ओळखणारे मॉड्यूल वेगळे आणि डिस्क हाताळणारे वेगळे. दोन्ही प्रतिमेत असावी लागतात. एकच घालून दुसरे विसरण्याचे प्रकार सर्रास घडत. डिस्कची नावे बदलत गेली ती निराळीच. आयडीईवरील ‘एचडीए’ व्हर्टआयओवर ‘व्हीडीए’ होते आणि झेनवर ‘एक्सव्हीडीए’. मूळ डिस्क नावाने नोंदविलेली असेल तर ड्रायव्हर असूनही ती सापडत नाही. फाइल व्यवस्थेचा अनन्य ओळख-क्रमांक नोंदविण्याची पद्धत रूढ झाली त्यामागे हेही एक कारण होते.

मोजके की सर्व?

या पार्श्वभूमीवर आरंभप्रतिमा घडविणाऱ्यांपुढे धोरणाचा प्रश्न उभा राहिला. प्रतिमेत या यंत्रास लागणारे मोजके ड्रायव्हर घालावेत की उपलब्ध असलेले बहुतेक सर्व? डेबियनने दोन्ही पर्याय ठेवले आणि ‘बहुतेक सर्व’ हा पूर्वनिर्धारित मानला. ड्रॅकटनेही आरंभी सर्वसाधारण प्रतिमेचाच पुरस्कार केला होता. पुढे मात्र फेडोरा २० (२०१३) आणि रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ (२०१४) यांच्या काळात ‘होस्ट-ओन्ली’, म्हणजे केवळ या यजमानापुरती, प्रतिमा घडविणे हा त्याचा पूर्वनिर्धारित वर्तनक्रम झाला.

मोजकेपणाच्या बाजूने मांडले जाणारे मुद्दे क्षुल्लक नाहीत. प्रतिमा लहान होते, ती लवकर घडते, लवकर उलगडते, आणि दोनशे-पाचशे मेगाबाइटच्या आरंभ-विभागात तीन-चार कर्नलांच्या प्रतिमा सुखाने राहतात. ज्याचा नियंत्रक आयुष्यात कधी बदलणार नाही अशा लॅपटॉपसाठी हे धोरण अगदी योग्य आहे. आभासी यंत्राच्या बाबतीत मात्र ते उलटे पडते. आभासी यंत्राचे मोलच मुळी ते एका जागेवरून दुसऱ्या जागी नेता येण्यात आहे. अशा यंत्राच्या आरंभप्रतिमेतून अन्य हायपरवायझरांचे ड्रायव्हर वगळणे म्हणजे काही मेगाबाइटसाठी त्याचा मूळ गुणच गहाण टाकणे होय. वितरणकर्त्यांनाही याची जाणीव होती, हे त्यांनी ठेवलेल्या दोन पळवाटांवरून दिसते. एक म्हणजे स्थापनेच्या वेळीच घडविली जाणारी सर्वसमावेशक ‘रेस्क्यू’ प्रतिमा, आणि दुसरी म्हणजे मेघसेवांसाठीच्या प्रतिमांत सर्वसाधारण धोरण लादणारा वेगळा संरचना-संच. पहिल्या पळवाटेचा पत्ता आरंभाच्या यादीत शेवटच्या ओळीवर असतो आणि अडलेल्या व्यवस्थापकाची नजर तिच्यावर क्वचितच जाते.

अडलेले यंत्र उठविण्याचे उपाय याच काळात व्यवसायात रूढ झाले. आभासी डिस्क तात्पुरती आयडीई किंवा साटा नियंत्रकावर जोडून यंत्र सुरू करणे, आणि आत शिरल्यावर ड्रॅकटला हवा तो ड्रायव्हर नावानिशी सांगून प्रतिमा पुन्हा घडविणे, हा सरळ मार्ग. डेबियन परंपरेत मॉड्यूलांच्या यादीत नाव लिहून प्रतिमा अद्ययावत करावी लागते. याहून चतुर उपाय स्थलांतरापूर्वीचा : मूळ डिस्क जुन्या नियंत्रकावरच राहू द्यावी आणि नव्या नियंत्रकावर एक रिकामी, नाममात्र आकाराची दुसरी डिस्क जोडावी. नवे साधन दिसताच कर्नल त्याचा ड्रायव्हर आत घेतो. त्यावरून ड्रायव्हर या कर्नलजवळ आहे आणि चालतो याची खातरजमा होते. मग तो प्रतिमेत घालून मूळ डिस्क नि:शंकपणे हलविता येते. रेड हॅटमध्ये तयार झालेल्या ‘व्हर्ट-व्ही२व्ही’ या साधनाने हेच काम यंत्र बंद असताना, बाहेरून डिस्क उघडून करण्याची सोय केली. अतिथीची संरचना तपासणे, व्हर्टआयओ मॉड्यूल नोंदविणे आणि आरंभप्रतिमा पुन्हा घडविणे हा त्याच्या कामाचा गाभा आहे.

मेघसेवा आणि नवी स्थलांतरे

नोव्हेंबर २०१७ मध्ये ॲमेझॉनने ‘सी५’ या श्रेणीपासून झेन सोडून केव्हीएमवर आधारित ‘नायट्रो’ रचना आणली, तेव्हा डिस्क एनव्हीएमई साधन म्हणून दिसू लागली. एनव्हीएमईचा ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये २०१२ च्या ३.३ आवृत्तीपासूनच होता. तरीही झेनवर वर्षानुवर्षे चाललेली अनेक यंत्रे नव्या श्रेणीवर उठेनात, कारण त्यांच्या आरंभप्रतिमेत तो नव्हता. श्रेणी बदलणे ही वरकरणी एका कळीची कृती होती. तिच्या पोटात १९९६ चाच प्रश्न दडलेला होता. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युरवर यंत्र नेण्यापूर्वी हायपर-व्हीचे मार्ग, साठवण व नेटवर्क असे तीन ड्रायव्हर ड्रॅकटच्या संरचनेत घालावेत, अशी सूचना त्या सेवेच्या मार्गदर्शनात स्पष्टपणे दिलेली आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली आणि कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवून वर्गणीची पद्धत आणली. त्यानंतर अनेक संस्थांनी केव्हीएमवर आधारित पर्यायांकडे वळण्यास सुरुवात केली. प्रॉक्समॉक्सने २०२४ मध्ये ईएसएक्सआयवरील यंत्रे आयात करण्याची सोय आपल्या उत्पादनात दिली. डिस्कचा आशय हलविणे आता खरोखरच सोपे झाले आहे. परंतु आयातीनंतर नियंत्रक व्हर्टआयओकडे बदलला, आणि अतिथी लिनक्सची प्रतिमा केवळ व्हीएमवेअरपुरती घडविलेली असली, तर ड्रॅकट दीर्घकाळ वाट पाहून आपत्कालीन कवचात उतरतो आणि डेबियन परंपरेतील यंत्र पूर्वनिर्धारित ३० सेकंदांनंतर बिझीबॉक्सच्या चिन्हापाशी येऊन थांबते. एखाद्या संस्थेला विक्रेत्याच्या अटींपासून स्वतःची सोडवणूक करता येते की नाही, हे अशा वेळी करारातील कलमांइतकेच आरंभप्रतिमेतील दोन मॉड्यूलांवर ठरते.

पुन्हा मुळाकडे

अलीकडील काही प्रयत्नांत आरंभप्रतिमेलाच फाटा दिलेला दिसतो. उबुंटूच्या लघु मेघप्रतिमांत व्हर्टआयओ ड्रायव्हर कर्नलच्या पोटात घेऊन प्रथम आरंभप्रतिमेविना प्रयत्न केला जातो, आणि तो फसल्यास पुढील खेपेस प्रतिमेसह. ॲमेझॉनने नोव्हेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘फायरक्रॅकर’च्या सूक्ष्म आभासी यंत्रांत साधने इतकी मोजकी असतात की सर्व ड्रायव्हर कर्नलमध्येच ठेवणे सोयीचे ठरते. एकच प्रकारची डिस्क आणि तिचा एकच ड्रायव्हर कर्नलच्या पोटात, अशी ही व्यवस्था १९९१ च्या हेलसिंकीतील यंत्राची आठवण करून देते.

दुसरी दिशा याच्या उलट आहे. सुरक्षित आरंभाच्या व्यवस्थेत कर्नलवर वितरणकर्त्याची स्वाक्षरी असते. आरंभप्रतिमा मात्र प्रत्येक यंत्रावर घडत असल्याने तिच्यावर ती असू शकत नाही. यजमानावरही विश्वास न ठेवणाऱ्या गोपनीय आभासी यंत्रांत ही त्रुटी गंभीर ठरते. म्हणून एप्रिल २०२३ च्या फेडोरा ३८ मध्ये कर्नल, आरंभप्रतिमा आणि आज्ञा-ओळ एकत्र बांधून त्यांवर एकच स्वाक्षरी करण्याच्या योजनेचा पहिला टप्पा आला. तो मुद्दाम आभासी यंत्रांपुरता ठेवण्यात आला, कारण खऱ्या यंत्रांच्या असंख्य नियंत्रकांच्या तुलनेत आभासी यंत्रांना लागणारे साठवण-ड्रायव्हर बोटांवर मोजण्याइतके आहेत आणि ते सर्व एकाच पूर्वघटित प्रतिमेत मावतात. ही प्रतिमा वितरणकर्त्याच्या यंत्रणेवर घडते. तिच्यात ड्रायव्हर घालण्याचा किंवा वगळण्याचा अधिकार व्यवस्थापकाकडे राहत नाही. ज्यांची मूळ डिस्क या मोजक्या यादीबाहेरील नियंत्रकावर आहे, त्यांच्यासाठी स्थानिक पातळीवर ड्रॅकटने प्रतिमा घडविण्याची जुनी पद्धत फेडोराने तशीच चालू ठेवली.